राणीची बाग ‘पाहिलेली’ नाही: सहल ठरवणाऱ्या शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतल्या शाळांचे मुख्याध्यापक आणि सहल-प्रमुख शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की शिक्षकांच्या खोलीत सहलीचा विषय निघतो. कुणी कर्जतकडचा रिसॉर्ट सुचवतं, कुणी वॉटर पार्क. मग कुणीतरी राणीच्या बागेचं नाव घेतं आणि लगेच दुसरं कुणी म्हणतं, “अहो, ती तर सगळ्या पोरांनी पाहिलेली आहे.” विषय तिथेच संपतो, किंवा मग राणीची बाग पहिली-दुसरीच्या वाट्याला जाते आणि मोठ्या वर्गांची बस हायवेला लागते.

हे पत्र त्या ‘पाहिलेली आहे’बद्दल आहे. मुंबईतल्या बहुतेक मुलांनी राणीच्या बागेतले पेंग्विन पाहिलेत, वाघ पाहिलाय, पाणघोड्याचं तोंड पाहिलंय. बाग पाहिलेली नाही. आणि ती दाखवणं हे आईवडिलांपेक्षा शिक्षकांना अधिक चांगलं जमेल, अशी माझी खात्री आहे. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

मी लालबागची. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते, आता निवृत्त आहे. बाग घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे सकाळचं फिरणं तिथेच. आमच्या गिरणगावाचा रविवार म्हणजे राणीची बाग असायचा. गिरणीत पाळी नसेल तेव्हा कामगार बायकापोरांना घेऊन तिथे जायचे, सोबत डबा आणि सतरंजी. गावाहून पाहुणे आले की त्यांना म्हातारीचा बूट आणि राणीची बाग दाखवायचीच. गिरण्या बंद झाल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तरी आजही लालबाग-चिंचपोकळीच्या माणसाला पैसे न मोजता, निदान फार न मोजता, मोठ्या झाडाखाली बसायचं असेल तर याच बागेत यावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात तिथे पाहिलेली एक सहल सांगते. शाळा कुठली ते सांगत नाही, कारण ती कुठलीही असू शकते. साठ-सत्तर मुलं, दोन-दोनच्या रांगेत, पुढे एक बाई, मागे एक सर. “रांग सोडू नका, भिंतीला हात लावू नका, पुढे सरका.” रस्त्याच्या कडेला उर्वशीचं झाड फुललेलं होतं आणि खाली फुलं पडली होती. रांगेच्या शेवटी असलेली एक मुलगी थांबली, खाली वाकली आणि तिनं एक फूल उचललं. लालभडक, वितीपेक्षा लहान, मोठ्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, आणि मध्ये लांब, वर वळलेले पुंकेसर. तिनं ते तळहातावर ठेवून बघितलं आणि विचारलं, “सर, हे खरं फूल आहे?” सर म्हणाले, “टाक ते. पेंग्विन बघायचेत ना?” फूल पडलं, रांग पुढे गेली.

त्या सरांना मी दोष देत नाही. सत्तर पोरं घेऊन मुंबईतला रस्ता ओलांडणं म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. प्रत्येक वळणावर डोकी मोजायची, कुणाला उलटी होते, कुणाचा डबा बसमध्ये राहतो, आणि साडेतीनला शाळेच्या फाटकाशी पालक उभे असतात. पण त्या मुलीनं विचारलेला प्रश्न त्या दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न होता आणि त्याला उत्तर मिळालं नाही. ते उत्तर मी इथे देते. तुम्ही ते तुमच्या वर्गाला द्या.

उर्वशी मूळची म्यानमारची. पहिलं इंग्रज-ब्रह्मी युद्ध १८२६ मध्ये संपलं आणि त्याच साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे नॅथानिएल वॉलिच ब्रह्मदेशात पोचले. मार्ताबानच्या परिसरात एका बौद्ध मठाच्या बागेत त्यांना हे झाड दिसलं. त्याची फुलं बुद्धाला वाहत असत. गव्हर्नर जनरल होते लॉर्ड ॲम्हर्स्ट. वॉलिच यांनी त्यांच्या पत्नीचं आणि मुलीचं नाव या झाडाला दिलं: ॲम्हर्स्टिया नोबिलिस. रानात हे झाड आजही अतिशय दुर्मीळ आहे. बी क्वचितच धरतं, त्यामुळे माळी गुटी बांधून, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून, त्याची रोपं करतात. इंग्लंडात ते जगवायची मोठी चढाओढ लागली होती. थंडीत तिथे काचघरच हवं. १८४९ मध्ये लंडनजवळ ईलिंग इथल्या लुईझा लॉरेन्स यांच्या काचघरात ते पहिल्यांदा फुललं आणि त्यांनी तो पहिला तुरा राणी व्हिक्टोरियाला पाठवला.

तर त्या मुलीला सांगा: हो, खरं आहे. हेच फूल एका राणीकडे भेट म्हणून गेलं होतं, आणि तुझ्या पायाशी ते फुकट पडलं आहे.

याच राणीच्या नावानं ही बाग उभी राहिली. पश्चिम भारताच्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा पुढे ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली गेली, आजही शिवडीची ती दफनभूमी आहे, आणि बाग भायखळ्याला माउंट इस्टेटवर आली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीनं ती लोकांसाठी खुली केली. १८७३ मध्ये ती नगरपालिकेकडे आली. १८९० च्या सुमारास आणखी जमीन जोडून प्राणिसंग्रहालय वाढवलं. म्हणजे आधी झाडं आली, पिंजरे मागाहून. सहलीत आपण नेमकं उलट करतो.

ती राणी स्वतः हिंदुस्थानात कधी आली नाही. आज बागेला वीरमाता जिजाबाईंचं नाव आहे, आणि बेस्टच्या बसमध्ये मात्र अजूनही “राणीच्या बागेजवळ उतरायचंय” असंच ऐकू येतं.

मला ही बाग मुलांसाठी इतकी मोलाची का वाटते, ते आता सांगते. इंग्रजी साम्राज्यानं या जागेत दोन गोष्टी आणून ठेवल्या, झाडं आणि पुतळे. झाडं जगाच्या चारी टोकांवरून आली: ब्रह्मदेश, मादागास्कर, गयाना, ब्राझील, आफ्रिका. पुतळे विलायतेत घडवले गेले, मुंबईच्या चौकांत उभे राहिले आणि स्वातंत्र्यानंतर तिथून हलवून इथे आणले गेले. पुतळ्यांचं राज्य गेलं. झाडांनी इथली माती धरली, आणि आज त्यांना परकं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एकत्र येऊन एकच सहल काढावी अशी दुसरी जागा मुंबईत मला तरी माहीत नाही.

पुतळ्यांचंच बघा. काळा घोडा म्हटलं की मुलांना फेब्रुवारीतला महोत्सव आठवतो. २०१७ मध्ये तिथे स्वार नसलेला एक नवा काळा घोडा बसवला, तोही त्यांनी पाहिलेला असतो. मूळ घोडा राणीच्या बागेत आहे. त्यावर बसलाय तो राणीचा मुलगा, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड. युवराज असताना १८७५ च्या नोव्हेंबरात तो मुंबईला आला. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी जोसेफ बोएम या शिल्पकाराकडून हा ब्राँझचा पुतळा करून घेतला आणि शहराला दिला. १८७९ पासून तो फोर्टात उभा होता. १९६५ मध्ये इथे आला. स्वार आणि घोडा दोघंही गेले, तरी त्या भागाचं नाव काही गेलं नाही. आठवी-नववीच्या मुलांना तिथे उभं करून विचारा की पुतळा हलवला तरी नाव का राहतं. उत्तर तुम्ही देऊ नका. मुलं बोलतील, भांडतील, भांडू द्या.

युवराज त्या दौऱ्यात उतरला होता परळच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे याच रस्त्यानं थोडं पुढे. ती इमारत मुळात पोर्तुगीज पाद्र्यांची, मग इंग्रज गव्हर्नरांचा महाल. १८८० च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथे पटकीनं गेली आणि गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन यांनी इथेच प्लेगची लस तयार केली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा गव्हर्नरांच्या त्या रिकाम्या महालात गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. नाचगाण्याच्या दालनात लशीच्या कुप्या भरल्या जाऊ लागल्या, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. कोविड आणि त्याच्या लशीबद्दल घरात ऐकलेली ही मुलं आहेत, त्यांना ते लगेच कळतं.

आणि राणी. तिचा संगमरवरी पुतळा आता भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला, बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी दिलेला, १८७२ पासून फोर्टात मेघडंबरीखाली बसलेला. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी रात्री जाऊन या पुतळ्याला डांबर फासलं आणि गळ्यात जुन्या पायताणांची माळ घातली. संगमरवरात मुरलेलं ते डांबर निघेना. शेवटी त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञानं ते काढून दिलं. पुढच्याच वर्षी, २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतणाऱ्या रँडवर पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. चापेकर बंधूंची नावं पाठ्यपुस्तकात एका ओळीत येतात आणि मुलं ती ओळ पाठ करतात. हा पुतळा समोर असेल तर ती ओळ हाताला लागते. आणि डांबर काढणारा रसायनशास्त्रज्ञ? त्याच्यासाठी विज्ञानाच्या शिक्षकांनी पुढे यावं. विद्रावक म्हणजे काय, संगमरवरावर आम्ल का ओतून चालत नाही, हा धडा शिकवायला यापेक्षा चांगलं निमित्त मिळणार नाही.

तिथेच जवळ एक दगडी हत्ती उभा आहे. त्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही, मुलं त्याच्या आडोशाला लपाछपी खेळतात. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीजांनी त्या बेटाचं नाव ज्याच्यावरून ठेवलं आणि जग आजही लेण्यांना ज्या नावानं ओळखतं, तो हाच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला होता. उचलताना क्रेन मोडली, हत्ती खाली कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून ठेवले. १९१४ मध्ये ते पुन्हा जोडून हत्ती उभा केला. जवळ जाऊन पाहिलं की अंगावर सांधे दिसतात, कुठे दगड नवा, कुठे जुना. मुलांना सांगा, सांधे शोधा. ज्याला जास्त सापडतील त्याला घारापुरीची गोष्ट सगळ्यांपुढे सांगायची संधी. मोडलेला म्हणून तो आपल्याकडे राहिला, नाहीतर आज त्याला बघायला लंडनचं तिकीट काढावं लागलं असतं.

संग्रहालयात जाल तर घाई करू नका, नाहीतर जाऊच नका. ते मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. बाग उघडली त्याच १९ नोव्हेंबर १८६२ ला त्याची पायाभरणी झाली, पण दार उघडायला २ मे १८७२ उजाडलं. मधल्या काळात अमेरिकेतलं यादवी युद्ध, मुंबईच्या कापसाचा भाव, शेअर्सचं वेड आणि १८६५ मधली पडझड असं सगळं घडून गेलं. या कामासाठी पैसा उभा करण्यात जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी पुढे होते. भाऊ दाजींची स्वतःची संपत्ती त्या शेअर्सच्या पडझडीत गेली. ज्यांनी शहरासाठी वर्गणी गोळा केली त्यांचं नाव या वास्तूला १९७५ मध्ये मिळालं, ते योग्यच झालं. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिची डागडुजी इतकी मन लावून झाली की २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आत मातीच्या छोट्या बाहुल्यांतून जुन्या मुंबईतले लोक, त्यांचे पेहराव, त्यांचे धंदे दाखवले आहेत. पाचवी-सहावीची मुलं तिथे आनंदानं रमतात. त्याहून लहान मुलांना बाहेरच्या हिरवळीवर बसवावं, काचेच्या कपाटांतून फिरवू नये.

आता झाडं. ही बाग ५० एकरांहून मोठी आहे आणि इथे ३००० हून जास्त झाडं, २५० हून जास्त जातींची. पुनर्विकासाचा एक मोठा आराखडा २००७ च्या सुमारास आला, तेव्हा काही मुंबईकर, त्यातही बऱ्याच स्त्रिया, उठल्या. त्यांनी झाडांची यादी केली, वारसा समितीकडे गेल्या, वर्तमानपत्रांत लिहिलं, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. आज ज्या सावलीतून आपण मुलांना नेतो, ती त्यांच्या चिकाटीमुळे आहे. हेही मुलांना सांगायला हवं, कारण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला ‘जागरूक नागरिक’ त्यांना कधी दिसत नाही.

सगळी झाडं दाखवायला जाऊ नका. तीन-चार पुरेत. गोरखचिंच दाखवाच. ती मूळची आफ्रिकेची, खूप जुन्या काळी समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आलेली. खोड एवढं जाड की मुलांच्या हाताची साखळी करावी लागते, साल राखाडी आणि गुळगुळीत, पानं पंजासारखी पाच-पाच. सहलीच्या दिवसांत तिची पानं झडलेली असतात, त्यामुळे मुलं विचारतील, “बाई, हे मेलंय का?” नाही. ते पाणी साठवून बसलंय. पावसाळ्याच्या तोंडाशी रात्री त्याची पांढरी फुलं उमलतात, वटवाघळं येतात आणि सकाळी फुलं गळून पडतात. एक शिंप्याची टेप सोबत न्या. जिथे झाडाच्या जवळ जाता येतं तिथे छातीएवढ्या उंचीवर घेर मोजायचा, वहीत लिहायचा, आणि शाळेत परतल्यावर त्यावरून व्यास काढायचा. मी शिकवत असताना वर्तुळाच्या परिघावर कितीतरी गणितं फळ्यावर घातली, पण ज्या मुलांनी एकदा झाडाचा घेर मोजला ती पाय (π) कधी विसरली नाहीत.

कैलासपती मुलांना आपोआप आवडतो. दक्षिण अमेरिकेतलं हे झाड. त्याची फुलं फांद्यांच्या टोकाला न येता थेट खोडातून निघालेल्या दोरांवर येतात. फुलाच्या मध्ये पिंडीसारखा गोळा आणि वर फणा, म्हणून आपल्याकडे त्याला हे नाव पडलं आणि देवळांच्या अंगणांत ते लागलं. फळ तोफेच्या गोळ्याएवढं. फुलाचा वास घ्यायला सांगा. फुटलेल्या फळाचा वास मुलं स्वतःहून घेतील आणि नाक धरून पळतील. फूल इतकं सुगंधी आणि फळाला अशी घाण का, हा प्रश्न मुलांवर सोडा. तिथल्या जंगलात ही फळं खाऊन बिया पसरवणारे प्राणी वेगळे, इथे ते नाहीत, एवढी एक खूण द्या.

आणि सीतेचा अशोक. आपल्या सोसायट्यांच्या कुंपणाशी उभं असतं ते उंच, सरळ, लांब पानांचं झाड हा तो अशोक नव्हे, हे मुलांना इथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतं. खऱ्या अशोकाची कोवळी पानं तांबूस, मऊ, खाली लोंबणारी, हातात घेतली तर रेशमी कापड वाटतं. उर्वशीची कोवळी पानंही तशीच. दोन्ही झाडं एकाच कुळातली. मुलांना दोन्ही दाखवा आणि काय सारखं आहे ते त्यांनाच शोधू द्या. वर्गीकरणाचा पाठ तिथेच झाला.

पर्जन्यवृक्ष तुमच्या शाळेच्या रस्त्यावरही असेल. संध्याकाळी किंवा ढग भरून आले की त्याची पानं मिटतात, ते मुलांना शाळेतून घरी जाताना बघायला सांगा. बागेतला वेळ त्यात घालवायला नको.

पेंग्विन दाखवू नका असं मी म्हणत नाही. जुलै २०१६ मध्ये सोलहून आलेले हे हम्बोल्ट पेंग्विन मुलांना फार आवडतात, आणि का आवडू नयेत. पण त्यांना खरं काय ते सांगा. काचेपलीकडचा गारवा आणि ते पाणी बघून जवळपास प्रत्येक मूल म्हणतं, “हे अंटार्क्टिकाचे.” हे तिथले नव्हेत. हे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतात. तो किनारा जवळजवळ वाळवंटी आहे, पण शेजारून थंड पाण्याचा हम्बोल्ट प्रवाह वाहतो आणि त्या पाण्यातल्या मासळीवर ते जगतात. भूगोलाच्या पुस्तकात सागरी प्रवाहांचा नकाशा असतो. तो वर्गात आधी दाखवा, मग काचेपुढे उभं करा. पाच मिनिटांचं काम, पण मग रांगेत घालवलेला अर्धा तास सत्कारणी लागतो.

पैशांबद्दलही बोलायला हवं, कारण कुणी बोलत नाही. रिसॉर्टच्या सहलीचे पैसे भरता येत नाहीत म्हणून त्या दिवशी “ताप आला” असं सांगून घरी राहणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. शिक्षकांना ती ओळखू येतात. मी शिकवत असताना अशा मुलांची नावं माझ्या हजेरीपटात दरवर्षी असायची, आणि दुसऱ्या दिवशी वर्ग जेव्हा सहलीच्या गप्पा मारायचा तेव्हा ती वहीत डोकं घालून बसायची. भायखळ्याला सगळ्या वर्गाला नेता येतं. लोकलनं, बसनं, परळ-लालबागच्या शाळांना तर चालतसुद्धा. ज्या सहलीला सगळा वर्ग जाऊ शकतो ती सहल मला महागड्या सहलीपेक्षा मोठी वाटते.

थोडं व्यवहाराचं. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. रविवार टाळा, त्या दिवशी गर्दीत मुलं सांभाळण्यातच जीव जाईल. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, उर्वशीही त्याच दिवसांत फुलते. सकाळी बाग उघडताना पोचा. आधी झाडं, मग हत्ती आणि पुतळे, मग डबा, आणि प्राणी सगळ्यांत शेवटी. प्राणी आधी दाखवले की पोरांचं लक्ष पुढे कशातच लागत नाही. साठ मुलांची एक रांग करण्यापेक्षा दहा-दहाचे गट करा, प्रत्येक गटाला एक मोठं माणूस, त्यासाठी पालकांना बोलवा. माळी भेटले तर त्यांच्याशी मुलांना बोलू द्या. गुटी कशी बांधतात हे त्यांच्याइतकं चांगलं कुणीच सांगणार नाही. पडलेलं फूल उचलायला हरकत नसावी, फांदीवरचं तोडायचं नाही. आणि परत आल्यावर ‘माझी सहल’ हा निबंध लिहायला सांगू नका. एका झाडाचं चित्र, त्याखाली त्याचा घेर आणि त्याच्याबद्दल पडलेला एक प्रश्न, बस्स.

हे सगळं जमायला एक गोष्ट आधी करावी लागेल. सहलीच्या आधी एखाद्या सकाळी तुमच्यातल्या दोघांनी, एक विज्ञानाचे आणि एक इतिहासाचे, मुलांशिवाय जाऊन यावं. कुठलं झाड कुठे आहे, कुठे सावली आहे, पाण्याची सोय कुठे, हत्तीपासून काळ्या घोड्यापर्यंत किती चालावं लागतं, हे पाहून घ्यावं. मुंबईत झाडांची ओळख करून देणारे अभ्यासक इथे फेऱ्या काढतात. त्यांच्या एखाद्या फेरीत सामील झालात तर उत्तमच. मग सहलीचं परिपत्रक काढाल तेव्हा डबा, पाण्याची बाटली आणि टोपीच्या पुढे वही, पेन्सिल आणि शिंप्याची टेप एवढं लिहा.

आपली नम्र,
लालबागची एक निवृत्त विज्ञान शिक्षिका